उपयोगिता प्रमाणपत्र

एकतीस मार्च. मोहाचा वास पंचायतीच्या खिडकीतून आत
आणि मी, मंडळाचा बिनपगारी सचिव,
पान चार, रकाना सातवर अडकलेलो:
'प्रत्यक्ष लाभार्थी, संख्या.'

बावीस लिहिलं. बावीस पोरी,
कुमरे, टेकाम, गाऊत्रे, दोघी तांड्यावरच्या.
सुदामाचे दोन बोकड
मॅटच्या गार कोपऱ्यात दुपारभर बसतात,
ते सोडले.
पण वामन मास्तर?
सत्तरी पार, गुडघा गेलेला,
पहिल्या संध्याकाळी चपला काढून मॅटवर चढले
आणि कुणी पाहत नाही असं समजून
एक पाय हळूच लांबवून
बोनस रेषेपलीकडे टेकवून आले.
ते प्रत्यक्ष, की अप्रत्यक्ष?

प्रतिष्ठानानं दिलं ते असं:
मॅटचे तुकडे शहाण्णव, निळे,
एकमेकांत दात रुतवून बसणारे.
बूट बावीस जोड, सगळे सात नंबर.
पाय सात नंबरचे नव्हते.
दोन हॅलोजन.
आणि एक फ्लेक्स, बारा बाय आठ,
त्यावर संस्थापकांचा हसरा चेहरा,
जो ऑक्टोबरात अवकाळी आला तेव्हा
गाऊत्रेच्या सोयाबीनच्या गंजीवर ताणला.
शेंग वाचली.
संस्थापक रात्रभर भिजले, हसत राहिले.
हे मी कुठंच लिहिलं नाही.

रकाना नऊ: 'स्थानिक सहभाग, रुपयांत.'
पुण्याहून ईशान्या मॅडम फोनवर म्हणाल्या,
दहा टक्के तरी दाखवा दादा,
श्रमदान धरा, माणशी तीनशे.
धरलं.
बाभूळ तोडली, मुरूम ओढला,
रोलर नव्हता म्हणून पाण्याचा ड्रम भरून लोटला.
पण जागा?
जागा जंगूबाई टेकामची. तिचं खळं.
सासूच्या सासूपासून शेणानं सारवत आलेलं,
गावात सपाट असं तेवढंच.

गेलो विचारायला, किती लिहू?
ओट्यावर निळ्या कशावर तरी बसून
ती मोहफुलं निवडत होती.
'कोन हाय हा पैसेवाला?'
नाव सांगितलं. हात थांबला.
'त्याच्या बापाच्या जिनात म्या सोळा वर्सं सरकी झाडली.
रुईचा खोकला अजून हाय मले.
म्हंजे पैसा फिरून घरीच आला का बापा.
लिव, काई नाई.'
मी लिहिलं: निरंक.
घरी येईपर्यंत तिचा खोकला ऐकू येत होता.

रकाना अकरा: 'परिणाम, मोजता येईल असा.'
तालुक्याला उपांत्य फेरीत हरलो, दोन गुणांनी.
हे मोजता येतं.
नलू कुमरेचा दम मागच्या वर्षी
चौदा मोजेपर्यंत पुरायचा, आता तीस.
हेही.
पण माघात सोयरे आले, चहा उकळत होता,
तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून बोलली,
बारावी, मग पोलीस भरती, मग पाहू,
सगळं एका दमात,
मधे कुणाला शिरू न देता.
चहा उतू गेला म्हणतात.
याचं एकक काय?

सोबत पत्र आहे:
'पुढील वर्षापासून आमचा भर जलसंधारणावर राहील.'
बरोबर आहे. पाणी पाहिजेच.
नाल्याचं तोंड मीच दाखवीन त्यांना.

बाहेर हॅलोजन लागला. एकच, दुसरा गेलाय.
पोरी मॅट जुळवताहेत,
पंच्याण्णव लागले, एक कमी.
ईशान्य कोपरा नलूनं चुन्यानं आखला,
हात चड्डीला पुसला,
आणि मोजणं सुरू.

शेवटचं पान. साहित्याची स्थिती.
जंगूबाईचा ओटा डोळ्यासमोर आला,
तिच्या बुडाखालचा तो निळा चौकोन,
कडेला दात असलेला.

मी लिहिलं:
तुकडे शहाण्णव. सर्व वापरात.
आणि सही केली.